'फ्लॅम्बॉयंट'साठी मराठीत 'भपकेबाज' चालेल का?

चालेल, पण ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला टोमणा मारायचा असेल तरच. तुम्ही अनुवाद करताय त्या इंग्रजी कादंबरीतलं, प्रश्नात दिलेलं वाक्य एका वकिलाबद्दल आहे: जांभळा कोट, चांदीच्या मुठीची काठी, पार्टीत शिरला की सगळ्यांच्या माना वळतात. आणि लेखकाला तो आवडतो असं तुम्हीच म्हणताय. त्याला 'भपकेबाज वकील' केलंत, तर हा आता कुणाला तरी गंडवणार म्हणून वाचक वाट बघत बसेल.

'भपका' या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. वरून दिसतंय खूप, आत फारसं काही नाही. म्हणून तर त्याच्यामागे 'नुसता' आणि पुढे 'भुलू नका' हटकून येतं. शिवाय दारूच्या वासाचाही भपकाच येतो. आणि 'बाज' हा फारसीतून आलेला प्रत्यय मराठीत कुणाचं फारसं भलं करत नाही: दगाबाज, चालबाज, नखरेबाज. 'धडाकेबाज' आणि 'ऐटबाज' हे त्यातले सभ्य अपवाद.

'थाट'ची गोष्ट वेगळी. लग्न थाटामाटात पार पडलं, असं कुणी म्हटलं तर यजमान खूश होतात. त्याच लग्नाहून परतताना गाडीत मावशी म्हणते, "काय तो भपका! सून आणली की सर्कस?" मांडव तोच, पंगत तीच. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय, कमी खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली. त्या बाजूने पाहिलं, तर कर्ज काढून उडवलेला बार कितीही थाटाचा असला तरी भपकाच. म्हणजे शब्द निवडण्याआधी तुम्ही यजमानांच्या बाजूचे की मावशीच्या, हे ठरवावं लागतं. इंग्रजी शब्द ही सक्ती करत नाही, आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे.

तो शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ 'ज्वाळा उठणारा'. पंधराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या चर्चच्या खिडक्यांवर दगडाची जाळी ज्वाळांसारखी वळणं घेत जाते, त्या शैलीचं हे नाव. आपल्या गुलमोहरालाही इंग्रजीत हेच म्हणतात. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो, तिथे जाऊन त्या झाडाला कुणी भपकेबाज म्हणून दाखवावं!

बाकीचे शब्दही जागा धरून आहेत. डामडौल वस्तूंचा असतो: फाटक, गाड्या, नोकरचाकर. बडेजाव बराचसा तोंडाचा, तो मिरवायचा असतो. छानछौकी अंगावरची, अत्तर आणि इस्त्रीची, बहुधा बापाला खुपणारी. पुण्याकडचे ते 'गोल्डमॅन', दहाही बोटांत अंगठ्या, गळ्यात साखळदंडासारख्या चेन, त्यांना मात्र मी बेलाशक भपकेबाज म्हणेन. आणि 'इतमाम' बघा. बिगूल, बंदुकांच्या फैरी, तिरंगा, हे सगळं दिसावं म्हणूनच केलेलं असतं, तरी अंत्यसंस्कार 'शासकीय इतमामात' होतात, थाटामाटात नाही. रायगडावर ६ जून १६७४ ला झालेल्या राज्याभिषेकाला वैभवशाली म्हणा, दिमाखदार म्हणा. 'भपका' म्हणून बघा, काय होतं ते.

एक सावधगिरी. इंग्रजीत कधी कधी हा शब्द पुरुषासाठी वापरून तो समलिंगी असल्याचं आडून सुचवतात. तुमच्या मजकुरात तसं असेल, तर 'नखरेल' लिहू नका. मुळात जी नुसती सूचना आहे तिची मराठीत टवाळी होते. 'रंगेल' तर साफ चुकीचं, ते बायकांच्या मागे असणाऱ्या माणसासाठी आहे.

तुमच्या वकिलाला मी 'ऐटबाज' म्हणेन. पण हा शब्द कादंबरीभर एकच ठेवू नका. तोच लेखक पुढे त्या वकिलाच्या सहीलाही फ्लॅम्बॉयंट म्हणत असेल, तर ती 'लफ्फेदार'. कोर्टातलं भाषण 'फर्डं'. फलंदाजी 'दिमाखदार'. आणि पार्टीत शिरण्याच्या त्या वाक्यात विशेषणाची गरजच नाही: "वकीलसाहेब काठी फिरवत ऐटीत आत आले."