फ्रान्समधल्या सँ-नाझेर बंदरातला पाणबुडी बंकर पाडला का नाही? आता आत काय आहे?

पाडणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून तो राहिला. आज आत संग्रहालय, पर्यटन कार्यालय आणि संगीताचे कार्यक्रम आहेत. जर्मनांनी 1941 पासून बांधलेल्या या तळाचं छत काही ठिकाणी 8 मीटरच्या आसपास जाड आहे. बॉम्बहल्ल्यांत बहुतेक शहर बेचिराख झालं, हा मात्र जागचा हलला नाही. पाणबुड्यांच्या 14 कप्प्यांपैकी काहींत जुन्या अटलांटिक प्रवासी जहाजांचं ‘एस्कालात्लांतिक’ संग्रहालय आहे. एका कप्प्यात 2007 पासून ‘लाइफ’ हे कलादालन. रॅम्पने थेट छतावर जाता येतं. तिथला गोल घुमट बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळावरून आणलाय, तो चुकवू नका. फक्त ‘एस्पादों’ पाणबुडी इथे शोधू नका, ती समोरच्या काँक्रीटबंद लॉकमध्ये (जहाजं आत-बाहेर नेण्याच्या जलद्वारात) आहे.