रस्त्याची पकड डोळ्यांनी कळत नाही

मे सरत आला की घसरड्या रस्त्यांबद्दलची पत्रे वाढतात आणि दरवर्षी तेच गैरसमज फिरून येतात. म्हणून यंदा निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीचा रस्ता दोन वर्षांपूर्वी झाला. दुपारी आरशासारखा चमकतो, चपला चिकटतात. डांबर सढळ हाताने घातल्याची ही खूण ना?

उत्तर: सढळ हातानेच बिघडवला आहे. खडीच्या मिश्रणात डांबर जास्त झाले किंवा पोकळी कमी राहिली, की आपल्याकडच्या उन्हात ते फुगून वर येते. खडीची टोके त्यात बुडतात, मग टायरला धरायला काही उरत नाही आणि पावसाचे पाणी निघून जायलाही जागा राहत नाही. थर पातळ असेल तर भर दुपारी, रस्ता तापलेला असताना, धूळ नसलेली कोरडी भरड कच पसरून रोलरने दाबतात आणि सुटी राहिलेली झाडून काढतात. थर जाड असेल तर तो यंत्राने खरवडून नवा थर द्यावा लागतो. दोन्हीपैकी काय करायचे हे अभियंत्याने जागेवर येऊन ठरवायचे. महापालिकेकडे अर्ज आजच द्या. जूनमध्ये दिलेल्या अर्जाचा या पावसाळ्यात काही उपयोग नाही.

प्रश्न: मग वळणावर आम्हीच वाळू टाकली तर?

उत्तर: टाकू नका. सुटी वाळू टायरखाली गोट्यांसारखी फिरते.

प्रश्न: पहिल्या पावसात गाड्या घसरतात, आठवड्याने तोच रस्ता बरा होतो. असे का?

उत्तर: महिनोन् महिने साचलेली धूळ, तेल आणि टायरच्या रबराचा चुरा पहिल्या सरीत कालवला जातो. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो. तोवर वेग कमी ठेवा.

प्रश्न: अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. आतल्या डांबरी उतारावर फाटकाजवळ गाड्या घसरतात. एक ठेकेदार लाल ‘अँटिस्किड’, म्हणजे घसरण रोखणारा थर, स्वस्तात आणि दहा वर्षांच्या गॅरंटीने करून देतो म्हणतो. घ्यावे का?

उत्तर: एवढ्या माहितीवर मुळीच नाही. लाल रंगाने चालक सावध होतो, पण पकड तसूभरही वाढत नाही. पकड येते ती खड्यांमुळे. खऱ्या कामात इपॉक्सी किंवा तशाच रेझिनच्या, म्हणजे कालवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाच्या, थरावर भट्टीत भाजलेल्या बॉक्साइटचे 1 ते 3 मिलिमीटरचे खडे बसवतात. खडा चौरस मीटरला साधारण 7 किलो, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच, टाकायचा आणि रेझिन घट्ट झाल्यावर न चिकटलेला झाडून घ्यायचा. बॉक्साइटच का, तर चाकांखाली तो सहसा गुळगुळीत होत नाही. नदीची वाळू मुळातच गोल असते. आपला काळा दगड मजबूत खरा, पण सतत ब्रेक लागणाऱ्या जागी तोही घासून चकचकीत होतो. वाळू मिसळलेला लाल रंग पहिल्या दिवशी हाताला खरखरीत लागतो, आणि त्यावरच गिऱ्हाईक फसते.

हाताने चाचपण्यापेक्षा मोजून घ्या. 25 मिलिलिटर बारीक वाळू रस्त्यावर गोल पसरवतात. वर्तुळ 20 सेंटिमीटर व्यासाचे झाले तर खाचांची सरासरी खोली सुमारे 0.8 मिलिमीटर, 30 सेंटिमीटरचे झाले तर जेमतेम 0.35. शिवाय रबरी पट्टीचा लोलक ओल्या पृष्ठभागावरून घासत नेऊन आकडा घेतात. तीव्र वळण, उतार, चौक अशा अवघड जागी तो 65 च्या आसपास हवा. 45 च्या खाली धोका. पकडीतल्या फरकाने काय होते ते पाहा: सपाट रस्त्यावर ताशी 60 किलोमीटर वेगात ब्रेक लागल्यावर घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्त्यामधल्या पकडीचे माप, 0.6 असेल तर गाडी सुमारे 24 मीटरवर थांबते, 0.3 असेल तर 47 मीटरवर. उतारावर अंतर आणखी वाढते.

खालचा थरही तपासा. तडे गेलेल्या, तेलकट किंवा डांबर वर आलेल्या रस्त्यावर रेझिन टिकत नाही, पापुद्रे निघतात. काम पूर्ण कोरड्या पृष्ठभागावरच व्हावे. भर उन्हात कालवलेले रेझिन भांड्यातच घट्ट होऊ लागते, म्हणून सकाळची वेळ धरा. खड्याचा दर्जा, रेझिनचे नाव, कामाआधी आणि नंतरचे लोलकाचे आकडे करारात लिहून घ्या. दहा वर्षांच्या गॅरंटीत किमान आकडा नसेल तर तो नुसता कागद आहे. सही करण्याआधी रस्त्यांच्या कामाचा अनुभव असलेल्या, ठेकेदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याला जागा दाखवा.

प्रश्न: शाळेसमोरच्या झेब्रा पट्ट्यांवर दुचाक्या घसरतात. पट्ट्या काढून टाकायला सांगावे का?

उत्तर: नाही, मुलांना त्या हव्यातच. त्यावरचे काचेचे मणी रात्री चमकण्यासाठी असतात, पकडीसाठी नव्हे. पुन्हा आखताना मण्यांबरोबर टणक खडाही टाकायला आणि जुन्या थरावर थर न चढवायला महापालिकेच्या अभियंत्यांना सांगा.

प्रश्न: सोसायटीच्या पार्किंगचा काँक्रीटचा उतार पावसात निसरडा होतो. ॲसिडने धुवावा का?

उत्तर: नको. ॲसिड नीट धुतले गेले नाही तर काँक्रीट आणि सळई दोन्ही खाते. यंत्राने उताराला आडव्या, सुमारे 3 मिलिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल खाचा मारून घेता येतात, पण खाली स्लॅब असेल तर आधी सळईवर काँक्रीट किती आहे हे इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. ऑइलपेंट लावला असेल तर पहिल्यांदा तो काढा.