शत्रूराष्ट्राशी अणुकरार करण्यात नेमका धोका काय असतो?

फसवणूक हा उघड धोका. पुण्यात घर भाड्याने देताना आपण अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, पोलीस व्हेरिफिकेशन सगळं करतो. तरी भाडेकरू आत काय करतो ते बाहेरून कळत नाही. उत्तर कोरियाचं तेच झालं. अमेरिकेशी झालेल्या १९९४च्या करारात त्यांची योंगब्यॉनची अणुभट्टी बंद झाली, निरीक्षकही बसले. पण २००२मध्ये अमेरिकेने आरोप केला की युरेनियम समृद्ध करण्याचा (म्हणजे बॉम्बला लागेल इतकं तीव्र करत नेण्याचा) उद्योग गुपचूप चालू आहे. करार मोडला, २००६मध्ये पहिली अणुचाचणी. (बदल्यात अमेरिकेने कबूल केलेल्या दोन वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्याही कधी पुऱ्या झाल्या नाहीत, हेही सांगायला हवं.)

मला त्याहून मोठा वाटतो तो घरचाच धोका: सरकार बदललं की सहीची किंमत जाते. अमेरिका आणि इतर देशांशी झालेल्या २०१५च्या करारानुसार इराण युरेनियमच्या ३.६७ टक्के समृद्धीवर थांबला होता. २०१८मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले, २०२१मध्ये इराण ६० टक्क्यांवर!

आपला पाकिस्तानशी १९८८चा करार मात्र टिकलाय. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि १९९२पासून दर १ जानेवारीला याद्या द्यायच्या. मागणीच छोटी ना! यादी पूर्ण आहे का, हे मात्र कुणी तपासत नाही.