जेऊरचं ग्रहण

प्रश्न: १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी अमेरिकन शास्त्रज्ञ आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आलेले म्हणे, खरंय का?

उत्तर: अगदी खरं! विल्यम वॉलेस कॅम्पबेल, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे, सोबत पत्नी एलिझाबेथही. २२ जानेवारीला खग्रास जेमतेम दोन मिनिटं आणि तेवढ्यासाठी ४० फुटी कॅमेरा इतक्या लांब आणला, त्याची नळी सूर्याच्या दिशेने रोखून पक्की बसवायची आणि खाली फोटोची काच सूर्याच्या सरकत्या प्रतिमेबरोबर घड्याळासारख्या यंत्राने हळूहळू सरकत राहायची, काय डोकं आहे बघा! पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवालाही जेऊरलाच होते, त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही याचं वाईट वाटतं. पुढे १९१४ च्या सूर्यग्रहणाला कॅम्पबेलना कीव्हजवळ ढगांनी दगा दिला, पण १९२२ च्या ग्रहणाला ऑस्ट्रेलियात वॉललला ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ आइन्स्टाइन म्हणाले तेवढाच वाकतो हे त्यांनी मोजून दाखवलं.