काका डीएनए चाचणी मागतात, द्यावी का?

प्रश्न : मी हडपसरला राहतो. वडील गेल्या वर्षी वारले, मृत्युपत्र नाही. आजी-आजोबा आधीच गेले, मी एकुलता. मुळशीतल्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपासाठी आई आणि मी शिवाजीनगर कोर्टात दावा लावला. काका कैफियतीत म्हणतात, माझ्या जन्माआधी वडील मस्कतला होते, मी त्यांचा मुलगाच नाही, डीएनए चाचणी करा. आई पार खचली आहे. एकदाची चाचणी करून मोकळा होऊ का?

उत्तर : नको. आपणहून तर मुळीच नको.

आई-वडिलांचं लग्न कायदेशीर असताना तुमचा जन्म झाला. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११६ नुसार (जुन्या कायद्यातलं कलम ११२) एवढ्यावरच तुम्ही त्यांचे औरस पुत्र ठरता. हे खोडायचं तर गर्भधारणेच्या काळात दोघांना एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे काकांनी सिद्ध करायचं. 'मस्कतला होते' एवढं पुरत नाही. वडील रजेवर येत असतील तर त्यांच्या पासपोर्टवरचे शिक्केच काकांना उत्तर देतील. तो जुना पासपोर्ट आजच शोधा. शिवाय जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्डही काढून ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशाच मालमत्तेच्या वादात, मुलगा असल्याचं सांगणाऱ्या वादीवर त्याच्या मर्जीविरुद्ध चाचणी लादायला नकार दिला. २०२३ मध्ये तर पुण्याच्याच कौटुंबिक न्यायालयाचा मुलाच्या चाचणीचा आदेश रद्द केला. उलट, अहवाल एकदा कोर्टापुढे आला की तो कायद्याच्या गृहीतकावर भारी पडू शकतो, हे २०१४ च्या निकालात दिसलं. म्हणून 'होऊन जाऊ दे' म्हणू नका.

वडील हयात नाहीत, म्हणजे नमुने तुमचे आणि काकांचे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे येतं आणि सख्ख्या भावांत सहसा एकच असतं. ते जुळलं तर तुम्ही त्या घराण्याचे एवढंच कळेल; वडील नेमके कोण, ते नाही.

आता काकांना यातून मिळणार काय, ते पाहा. हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा पहिल्या वर्गाची वारस, भाऊ दुसऱ्या. घटकाभर तुम्ही मुलगा नाही असं धरलं, तरी वडिलांचा हिस्सा तुमच्या आईंकडे जातो, काकांकडे नाही. मग या चाचणीची गरजच काय? वकिलांना हा मुद्दा लेखी हरकतीत सर्वांत वर मांडायला सांगा. मला तर ही मागणी एका विधवेला घाबरवून दावा मागे घ्यायला लावण्यासाठीच केलेली वाटते.

तरीही आदेश झालाच तर नुसतं गैरहजर राहू नका. नकाराचा प्रतिकूल अर्थ कोर्ट काढू शकतं. लगेच मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली आव्हान द्या.

आणि आईंना सांगा, उलटतपासणीत अब्रू काढणारे, निव्वळ अपमान करणारे प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात. तशी हरकत तिथल्या तिथे घेण्याची सूचना वकिलांना आधीच देऊन ठेवा.