अगापे, नवरा-मुलं आणि रुसलेली बहीण

प्रश्न : ताई, प्रवचनात ऐकलं की ग्रीकमध्ये प्रेमाला चार शब्द आहेत, स्टॉर्गे म्हणजे घरच्यांची माया, फिलिया म्हणजे मैत्री, एरॉस म्हणजे स्त्री-पुरुषांमधली ओढ आणि अगापे म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम, तेच खरं. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. नवरा-मुलांवर जीव आहे माझा, तो मग कमी दर्जाचा का? आणि सख्ख्या बहिणीने पैशात फसवलं, तिच्याबद्दल आता काहीच वाटत नाही, म्हणजे माझ्यात अगापे नाहीच का?

उत्तर : आधी नवरा-मुलांचं बघू कारण ते सोपं आहे. बायबलमधलं इफिसकरांस पत्र 5:25 उघडा, ‘पतींनो, आपापल्या पत्नीवर प्रीती करा’, तिथलं मूळ क्रियापद अगापेचं आहे, आणि तीताला लिहिलेल्या पत्रात (2:4) बायकांनी नवऱ्यावर आणि मुलांवर माया करावी असं येतं तिथे शब्द फिलियाच्या घरातले. म्हणजे एकाच संसाराला दोन्ही शब्द चालले की! हलकं-भारी असं काही नाही त्यात.

खरं तर हे चार कप्पे शिकवायला बरे, पण बायबल तसं कप्प्यांत बसत नाही. एरॉस हा शब्द नव्या करारात एकदाही नाही. आणि अगापेही कायम सोवळ्यात असतो असं नाही बरं का, लूक 11:43 मध्ये परूश्यांना (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाला) सभास्थानातल्या मानाच्या जागा प्रिय आहेत तिथेही क्रियापद तेच.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या 21 व्या अध्यायावरचं प्रवचन तुम्ही ऐकलं असेलच. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का, दोनदा अगापे आणि तिसऱ्यांदा फिलिया, पेत्र मात्र तिन्ही वेळा फिलियाच म्हणतो. मग येशू पेत्राच्या पातळीवर उतरला असं सांगतात. ऐकायला छान, पण मला काही ते पटत नाही, कारण हाच योहान पित्याचं पुत्रावरचं प्रेम सांगताना 3:35 ला एक शब्द वापरतो आणि 5:20 ला दुसरा. मला त्यात वेगळंच दिसतं, पेत्राच्या प्रत्येक उत्तरानंतर येशू त्याला कामाला लावतो, माझी मेंढरं, म्हणजे माझी माणसं, सांभाळ म्हणून. तुला आत काय वाटतंय ते विचारत बसत नाही.

आता बहीण. 1 करिंथ 13 मधलं ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ आपल्याला गुणांची यादी वाटते पण मूळ ग्रीकमध्ये तिथे बहुतेक क्रियापदं आहेत, प्रीती काय करते आणि काय करत नाही एवढंच. मत्तय 5:44 मध्ये शत्रूवर प्रीती करा म्हटल्यावर लगेच त्यांच्यासाठी प्रार्थना करा असं येतं, त्यांच्याबद्दल माया वाटू द्या असं नाही. तेव्हा वाटण्याची वाट बघू नका. तिचं वाईट चिंतायचं नाही, चारचौघांत तिचा विषय काढून उगाळायचं नाही आणि जमेल त्या दिवशी तिच्यासाठी दोन वाक्यांची प्रार्थना करायची. पैसे पुन्हा हातात द्यायची मात्र काही गरज नाही, तो व्यवहार वेगळा. आणि बोलणं कधी सुरू करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्याला घाई नको.