कुठलं वाद्य कुठल्या संगीताला? वाचकांचे प्रश्न

नमस्कार ताई. मी तीन वर्षं कीबोर्ड वाजवतोय, सिनेमातली गाणी, पॉप वगैरे बऱ्यापैकी जमतं. आता राग शिकायचेत, पण एका गुरुजींनी सरळच सांगितलं की यावर राग व्हायचा नाही, दुसरं वाद्य घे. कीबोर्ड सोडू का?

सोडू नका. पण गुरुजी चुकीचं बोलले असंही मी म्हणणार नाही, त्यांचं म्हणणं नीट समजून घ्या. कीबोर्डवर पट्टी दाबली की सूर ठरलेला, सा आणि रे यांच्या मधली जागा तिथे वाजतच नाही, आणि रागाचा अर्धा जीव त्या मधल्या जागेत असतो. दरबारी रागाचा कोमल गंधार, म्हणजे कोमल ग, घ्या, तो एका जागी उभा राहतच नाही, हळूहळू झुलतो, आणि कीबोर्डवर तुम्ही पट्टी दाबून धरली की तो झुलायचा थांबतो, मग दरबारी कुठला उरणार? याउलट व्हायोलिन. वाद्य युरोपातलं, पण कर्नाटक संगीतात असं रुजलं की आता परकं वाटतच नाही, कारण त्याला पडदे नाहीत, बोट हवं तिथे, हवं तसं घसरतं. मी स्वतः व्हायोलिन शिकवते म्हणून कौतुक करतेय असं समजू नका, हा सगळा त्या रचनेचा गुण आहे.

पेटीचीही अडचण हीच. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं, आणि तरी ख्याल असो की ठुमरी, साथीला पेटी आहेच. कारण मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात न तुटता घसरत जाणं, गायकाच्या गळ्यातून येते, पेटी मागून सूर भरत राहते. म्हणजे वाद्य साथीला आहे की एकटं वाजणार आहे यानेही खूप फरक पडतो, आणि हे विचारायचं लोक विसरतात.

शिवकुमार शर्मांचं संतूर आठवा. काश्मीरच्या सुफियाना संगीतातलं वाद्य, तारेवर कलम, म्हणजे बारीक लाकडी काडी, मारली की सूर वाजून विरतो, यावर राग कसा होणार असं लोक म्हणायचे. त्यांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतलं, कलम तारेवरून सरकवत एका सुरातून दुसऱ्यात जायची युक्ती बसवली, आणि आज संतूर म्हटलं की लोकांना राग संगीतच आठवतं. पण त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे हे विसरू नका.

तर तुम्ही असं करा. दुर्गा, हंसध्वनी असे राग आधी घ्या, झुलत्या सुरांचे दरबारी, तोडी आत्ता नको. कीबोर्डला डावीकडे सूर वरखाली वाकवणारं पिच बेंडचं चाक असेल तर उजव्या हातानं वाजवा आणि डाव्या हातानं चाक फिरवा, सुरुवातीला वेडंवाकडं येईल, येऊ दे. आणि जे वाजवाल ते रोज गाऊन बघा, आवाज कसाही असो. गळ्याला मींड कळली की बोटं ती शोधायला लागतात.

मुलगी बारा वर्षांची आहे, तिला रॉक वाजवायचंय. क्लासमध्ये म्हणतात आधी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घ्या, बोटं दुखत नाहीत. बरोबर आहे का?

बोटं कमी दुखतात हे खरं. पण त्या गिटारीचा गळा रुंद असतो, लहान हाताला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे अनेक सूर, पकडायला त्रास होतो, आणि तिचा आवाज मऊ, गोल, एकेक तार बोटानं छेडण्यासाठी आहे, बोसा नोव्हा या ब्राझीलच्या संगीताला फार सुंदर लागते. रॉकचं धडाधड स्ट्रमिंग तिच्यावर केलं तर सगळं दबल्यासारखं वाटेल आणि पोरीचा रस जाईल, ही भीती मला बोटं दुखण्यापेक्षा मोठी वाटते. सरळ इलेक्ट्रिक घेऊन द्या. तारा बारीक आणि हलक्या असतात, दाबायला सोप्या. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम, लावलं की सूर लांबतो पण पूर्ण कॉर्ड वाजवली की गिचमिड होते, म्हणून रॉकवाले बऱ्याचदा फक्त सा आणि प धरतात, त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात, आणि दोन बोटांत ती पहिल्या आठवड्यातच जमते. एक मात्र कळकळीनं सांगते, घरात नायलॉनची गिटार असेल तर तिला स्टीलच्या तारा लावू नका, ताण खूप जास्त पडतो आणि ब्रिज, म्हणजे तारा बांधलेली खालची पट्टी, उखडतो.

सॅक्सोफोन फक्त जॅझचाच ना? मला रागदारी आवडते पण सॅक्सोफोनचा आवाजही आवडतो.

अजिबात नाही! पेटंट १८४६ चं, तेव्हा जॅझ जन्मालाही आलं नव्हतं, अॅडॉल्फ सॅक्सच्या डोळ्यासमोर लष्करी बँड आणि ऑर्केस्ट्रा होते. जॅझवाल्यांनी ते नंतर आपलंसं केलं, कारण ओठांच्या दाबानं सूर वाकवता येतो, माणूस बोलल्यासारखा आवाज निघतो. आणि नेमका हाच गुण गमकांनाही, म्हणजे रागात सूर हलवण्या-झुलवण्यालाही, चालतो. कद्री गोपालनाथ यांनी आयुष्यभर सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवलं, त्यांचं रेकॉर्डिंग मिळालं तर आलापाचा भाग आधी ऐका, एक सूर दुसऱ्याकडे कसा ओढत नेतात तेवढंच लक्ष देऊन. तो आवाज तुम्हाला ओढून घेत असेल तर बिनधास्त सॅक्सोफोन घ्या, फक्त शिकवणारा राग जाणणारा हवा, कारण बोटं कुठे ठेवायची ते कुणीही दाखवेल, सूर कुठे थांबवायचा ते नाही.